नागपूरचा मे महिना आणि कॅबिनेटमधली हवा

संगणकाचं कॅबिनेट, म्हणजे त्याचे सगळे भाग बसतात तो डबा, आणि त्यातले पंखे यांच्या परीक्षणांचे व्हिडिओ मी आवडीने बघते. बघायला बसले की आधी एकच गोष्ट शोधते, चाचणी घेताना खोलीचं तापमान किती होतं? युरोप-अमेरिकेतल्या परीक्षकांकडे ते बहुतेक वेळा २० ते २२ अंशांच्या दरम्यान असतं. माझ्या खोलीत मे महिन्यात, कूलर चालू असताना, दुपारी ३४ असतात. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ तापलेले दिवस, लागला की ३६ सुद्धा. म्हणजे तिकडे ६८ अंशांवर चालणारं ग्राफिक्स कार्ड माझ्याकडे त्याच कॅबिनेटमध्ये, त्याच पंख्यांवर ८१-८२ ला जाऊन बसणार. हवेने थंड होणारी कुठलीही वस्तू त्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. त्यामुळे त्या व्हिडिओतला नुसता आकडा आपल्या कामाचा नाही. खोलीच्या तापमानापेक्षा किती वर, तो फरक कामाचा. तो वहीत उतरवायचा आणि त्यात आपली खोली मिळवायची.

हा विषय मला का महत्त्वाचा वाटतो ते सांगते. मी इंटिरिअर डिझायनरांसाठी थ्रीडी व्ह्यू आणि वॉकथ्रू (घरातून फिरल्यासारखी फिल्म) करते. एका स्वयंपाकघराचा व्ह्यू काही मिनिटांत निघतो, वॉकथ्रू मात्र रात्रभर चालतो, आणि तेवढा सगळा वेळ कार्ड शंभर टक्के राबत असतं. गेम खेळताना भार कमी-जास्त होत राहतो, रेंडरमध्ये, म्हणजे संगणक ते चित्र तयार करत असताना, तशी उसंत नसते. माझं कार्ड आरटीएक्स ३०६०, त्याची मर्यादा १७० वॉट. प्रोसेसर रायझन ७ ५७००एक्स, तो पूर्ण ताकदीने ७६ वॉटपर्यंत जातो, पण रेंडर कार्डावर असताना बराच खाली असतो. मदरबोर्ड, एसएसडी, एसएमपीएसमध्ये (सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्यात) वाया जाणारी वीज असं सगळं मिळून २५० वॉट उष्णता मी हिशोबाला धरते. संगणक वजन उचलत नाही की टाकीत पाणी चढवत नाही. जेवढी वीज आत जाते तेवढी उष्णता होऊनच बाहेर येते.

ती बाहेर नेण्याचं काम शेवटी हवाच करते. वॉटर कूलिंग लावलं तरी रेडिएटरपाशी, जिथे ते पाणी थंड होतं तिथे, हवाच लागते. ३५ अंशांची एक घनमीटर हवा एका अंशाने तापवायला सुमारे १.१५ किलोज्यूल लागतात. एवढ्या एका आकड्यावर पुढचं सगळं गणित निघतं. कॅबिनेटमधून तासाला १०० घनमीटर हवा गेली, तर २५० वॉटच्या भारावर ती जवळजवळ ८ अंशांनी तापून बाहेर पडते. ५० घनमीटरच गेली तर १६ अंशांनी. (पंख्याच्या खोक्यावर सीएफएम, म्हणजे मिनिटाला घनफूट, लिहिलेलं असतं, तासाला १०० घनमीटर म्हणजे साधारण ५९ सीएफएम.) कार्डाचे पंखे जी हवा ओढतात ती आत येणारी आणि बाहेर पडणारी यांच्या मधली कुठली तरी असते, आणि ती एका अंशाने गरम झाली की चिपही जवळजवळ एका अंशाने गरम होते.

आता २१ अंशांच्या खोलीत १६ अंशांची वाढ धरा. बाहेर पडणारी हवा ३७ झाली. म्हणजे तिकडच्या कोंदट कॅबिनेटमधून निघणारी हवा आमच्या खोलीतल्या हवेपेक्षा जेमतेम तीन अंशांनी गरम. तिथे वाईट कॅबिनेट खपून जातं. आमच्याकडे त्याच कॅबिनेटमधून ५० अंशांची हवा निघते आणि मग कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग पायरीपायरीने खाली आणतं. रात्रीत संपायचं रेंडर सकाळी अर्धवट राहिलेलं दिसतं. म्हणून विदर्भात राहणाऱ्या प्रत्येकाला माझं आग्रहाचं सांगणं आहे की पैसे आधी हवेच्या वाटेवर घाला आणि मगच पंख्यांवर.

आपल्याकडच्या माणसाला हे पटायला वेळ लागू नये. खिडकीला कूलर बसवला की समोरचं दार किंवा खिडकी थोडी उघडी ठेवायची, हे आपण लहानपणापासून बघत आलो आहोत. हवेला बाहेर जायला जागा नसेल तर कूलर नुसता घुमत राहतो, खोली दमट होते, अंगावरचा घाम वाळत नाही. अशा खोलीत दुसरा कूलर आणून काही होत नाही. दार किलकिलं केलं की होतं. कॅबिनेटचं तंतोतंत असंच आहे.

कॅबिनेटच्या बाहेरची वाटही मोकळी हवी, आणि याकडे जवळजवळ कुणीच बघत नाही. सुताराकडून करून घेतलेल्या कॉम्प्युटर टेबलात पायाशी सीपीयूचा कप्पा असतो. तीन बाजूंनी प्लाय, मागेही प्लाय, आणि वायर जायला एक गोल भोक. मागच्या पंख्यातून निघालेली गरम हवा त्या फळीवर आपटते, कॅबिनेटच्या बाजूने फिरून पुढे येते आणि पुढचे पंखे तीच पुन्हा आत घेतात. खोलीत ३४ असतात आणि कप्प्यात ४२. आत मग कितीही भारी पंखे लावा, सुरुवातच ४२ पासून होते. व्ह्यूमध्ये स्टडी टेबल आलं की मी ती मागची फळी काढूनच रेंडर करते आणि डिझायनरला तसं कळवते. काही जणांना आवडत नाही, मागच्या वायरी दिसतात म्हणून. मी तरीही कळवते. मागे किमान वीतभर जागा, आणि कप्प्याला दार नको.

पंख्यांच्या खोक्यावरचे आकडे कसे वाचायचे हेही नीट सांगायला हवं, कारण दुकानात सगळी बोली त्यावरच लागते. सीएफएमचा आकडा खोटा नसतो, पण तो पंख्यासमोर कसलाच अडथळा नसतानाचा असतो. त्याच्या शेजारी पाण्याच्या मिलिमीटरमध्ये दिलेला दुसरा आकडा स्टॅटिक प्रेशरचा. तो पंख्याचं तोंड पूर्ण बंद केल्यावरचा. प्रत्यक्षात पंखा या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी चालतो, आणि कुठे चालणार ते त्याच्यापुढचा अडथळा ठरवतो. जाळी, धुळीचं फिल्टर, काच, हार्ड डिस्कचा पिंजरा, केबलींचा गुंता. अशा वाटेतून हवा दुप्पट न्यायची तर दाब जवळजवळ चौपट लागतो. म्हणूनच तोंड बंद असलेल्या कॅबिनेटला तीनाचे सहा पंखे केले तरी हवा दुप्पट होत नाही. थोडीफार वाढते आणि आवाज मात्र पुरेपूर वाढतो.

चांगला पंखा नेमका कशाने चांगला होतो, याचं मला फार कौतुक आहे. नॉक्टुआ ही ऑस्ट्रियातली कंपनी. तिच्या एनएफ-ए१२एक्स२५ पंख्यात पात्याचं टोक आणि चौकट यांच्यामधली फट फक्त ०.५ मिमी आहे. अडथळा असला की हवा पात्याच्या टोकावरून मागे निसटते. फट जितकी बारीक तितकी ती कमी निसटते. पण मिनिटाला २,००० फेऱ्या घेणारं पातं काळ आणि उष्णता यांमुळे किंचित लांबलं तरी चौकटीला घासेल. ते लांबू नये म्हणून त्यांनी स्टेरॉक्स नावाचं लिक्विड क्रिस्टल पॉलिमर वापरलं. अर्ध्या मिलिमीटरसाठी एवढी मेहनत घेणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो. रेडिएटरला किंवा दाट पात्यांच्या हीटसिंकला (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पात्यांना) लावायचा असेल तर तो पंखा घ्याच. मी माझ्या कॅबिनेटला मात्र आर्क्टिक कंपनीचे पी१२ लावले आहेत. पाच पात्यांचे, दिवे नसलेले, किमतीला कितीतरी कमी. पुढे मोकळी जाळी असताना मला त्याहून जास्त लागत नाही.

आमच्या गल्लीतला एक मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने सुट्टीत नवा पीसी जोडून घेतला आणि मे महिन्यात माझ्याकडे आला. "ताई, सात पंखे आहेत ना, तरी काहून तापते?" मी जाऊन बघितलं. पुढे पूर्ण काच, बाजूला पूर्ण काच. पुढच्या तीन पंख्यांना हवा मिळायची ती काचेच्या कडेला ठेवलेल्या बोटभर फटीतून. वर तीन आणि मागे एक असे चार पंखे हवा बाहेर फेकत होते. आत घेणारे तिन्ही गुदमरलेले. कार्ड ८४ अंशांवर आणि त्याचे स्वतःचे पंखे जोरात.

आम्ही काही विकत आणलं नाही. फक्त पुढची काच उचलून बाजूला ठेवली आणि तोच गेम पुन्हा लावला. तापमान स्थिर झालं तेव्हा कार्ड ७५ वर होतं आणि आवाज खोलीच्या दारापर्यंतही येत नव्हता. मग वरचे पुढचे दोन पंखे बंद केले. त्यावर तो म्हणाला, "पंखे बंद करून प्रोसेसर थंड झाला?" झाला, आणखी तीन अंशांनी. वर, अगदी पुढच्या बाजूला असलेला पंखा नुकतीच आत आलेली थंड हवा प्रोसेसरच्या कूलरपर्यंत पोचायच्या आधीच बाहेर फेकतो. वरचा मागचा पंखा तसं करत नाही, कारण त्याच्यापर्यंत येणारी हवा आधीच कूलरमधून गेलेली असते. टॉवर कूलर (प्रोसेसरवर उभा बसणारा हीटसिंक आणि पंखा) असलेल्या कॅबिनेटमध्ये पुढून दोन किंवा तीन आत, मागून एक बाहेर, आणि फार तर वर मागच्या बाजूला एक बाहेर. यापलीकडे मी जात नाही. त्या मुलाच्या आईने काचेच्या जागी खिडकीला लावतात ती नायलॉनची जाळी शिवून दिली. दिसायलाही ती छान दिसते, हे मी मनापासून सांगते.

काच लावलेल्या कॅबिनेटचा मला राग येतो, हे लपवत नाही. या शहरात पारा ४५ च्या पुढे जातो हे दुकानदारालाही ठाऊक असतं. पुढून बंद कॅबिनेट इथे विकताना गिऱ्हाइकाला दोन शब्द सांगायला हवेत. चांगली उदाहरणं बाजारात आहेत. फ्रॅक्टल डिझाइनचं टॉरंट २०२१ मध्ये आलं, त्याला पुढे १८० मिमीचे दोन पंखे आणि समोर जवळजवळ सगळी जाळीच. लियान लीच्या लॅनकूल २१६ ला पुढे १६० मिमीचे दोन. पंखा मोठा की तेवढीच हवा कमी फेऱ्यांत येते. ही महाग वाटली तर त्याच रचनेची, पुढे जाळी असलेली स्वस्त कॅबिनेटंही सीताबर्डीत मिळतात. दुकानात एकच करा. पुढच्या जाळीतून आरपार पंख्याची पाती दिसतात का ते बघा.

बऱ्याच जणांना सांगितलेलं असतं की गरम हवा वर जाते, म्हणून वर पंखे हवेतच. हवा वर जाते खरी. पण साधारण अर्धा मीटर उंचीच्या डब्यात, दहा अंशांच्या फरकाने, तिला मिळणारा दाब पाण्याच्या ०.०२ मिमीच्या आसपास असतो. पी१२ पूर्ण वेगात २.२ मिमीपर्यंत दाब देतो. सावकाश फिरणारा पंखासुद्धा त्या नैसर्गिक ओढीवर सहज मात करतो आणि हवेला आडवी, खाली, हवी तिकडे नेतो. सिल्व्हरस्टोन कंपनीने मदरबोर्ड ९० अंशांत फिरवून खालून वर हवा नेणारी कॅबिनेटं काढली आणि ती गाजली. माझ्या मते ती चांगली चालली याचं कारण तळाचे मोठे पंखे आणि कार्डापर्यंतची सरळ वाट.

सरळ वाट हा विचार जुना आहे. आपण आज वापरतो ती एटीएक्स मांडणी, म्हणजे कॅबिनेटमध्ये कुठला भाग कुठे बसवायचा याचा आराखडा, इंटेलने १९९५ मध्ये आणली, तेव्हा एसएमपीएसच्या पंख्याने बाहेरची हवा आत घेऊन प्रोसेसरवर सोडावी अशी मूळ कल्पना होती. प्रोसेसर तापत गेले तशी ती मागे पडली आणि पंखे बाहेर फुंकू लागले. पेंटियम ४ प्रोसेसरच्या काळात उष्णता हाताबाहेर चालली तेव्हा इंटेलने २००३ मध्ये बीटीएक्स जाहीर केली. पुढून आलेली हवा थेट प्रोसेसरवर, तिथून तशीच सरळ मागे. मांडणी उत्तम होती. पण २००६ मध्ये कोअर मालिकेचे प्रोसेसर आले, त्यांना तेवढी वीज लागत नव्हती, आणि इंटेलने बीटीएक्स सोडून दिली. त्यानंतर कार्डांची उष्णता वाढत गेली आणि ती मात्र एटीएक्समध्ये नेमकी वाटेच्या मधोमध, आडवी बसलेली असतात. म्हणून कार्डाखाली मोकळी जागा ठेवा. खालच्या स्लॉटमध्ये जुनं वायफाय कार्ड खोचलेलं असेल तर काढा आणि यूएसबीचं वापरा. तळाला पंखा बसत असेल तर तो आत घेणाराच लावा.

हवा दिसत नाही, ही या विषयातली खरी अडचण. मी उदबत्ती वापरते. छताचा पंखा आणि कूलर बंद करायचा, रेंडर चालू ठेवायचं, कॅबिनेटचा दरवाजा लावलेला. उदबत्ती चार बोटं लांब धरायची, राख आत जाता कामा नये. पुढच्या जाळीसमोर धूर कुठल्या कोपऱ्यातून आत जातो आणि कुठे नुसताच तरंगतो, ते लगेच कळतं. मग मागे यायचं. पीसीआय स्लॉटच्या, म्हणजे कार्ड खोचायच्या जागांच्या, मागच्या पट्ट्यांपाशी धूर आत ओढला जात असेल तर आतला दाब बाहेरपेक्षा कमी आहे, म्हणजे कॅबिनेट प्रत्येक फटीतून बिनफिल्टरची हवा ओढतंय. धूर बाहेर ढकलला जात असेल तर आत घेणाऱ्या पंख्यांचं पारडं जड आहे. धुळीच्या गावात मला हे दुसरं हवं असतं. कधी कधी मागच्या पंख्यातून निघालेला झोत वळून वरच्या जाळीतून परत आत जाताना दिसतो. तसं दिसलं की वरच्या जाळीच्या मागच्या भागावर जाड कागदाचा तुकडा चिकटवून पुन्हा बघते.

पंख्याची दिशा ओळखायची तर मोटरला धरणाऱ्या काड्या आणि लेबल ज्या बाजूला असतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. पण हल्ली देखणी बाजू आतून दिसावी म्हणून उलट्या पात्यांचे पंखेही मिळतात आणि त्यांचं बरोबर उलट असतं. चौकटीवरचा बाण बघा, बाण नसेल तर कागदाचा कपटा धरा.

वाट नीट आहे की नाही हे तपासायला सगळ्यात सोपा उपाय म्हणजे बाजूचा दरवाजा उघडणं. पूर्ण भारावर तापमान स्थिर होऊ द्या, आकडा लिहा, खोलीचा आकडाही लिहा. दरवाजा काढा, पुन्हा थांबा. दोन-तीन अंशांचाच फरक पडला तर कॅबिनेट चांगलं चाललंय, पैसे खर्च करू नका. आठ-दहा अंश उतरले तर आत हवा पुरत नाही. मग दरवाजा लावून पुढचं तोंड काढा. तेव्हाही तेवढंच उतरलं तर गुन्हेगार सापडला. दरवाजा कायमचा उघडा ठेवून काम चालवणारे बरेच आहेत. धूळ, लहान मुलं आणि पाली यांचा विचार करता मी तसं करणार नाही.

वेग आणि आवाज यांचं गणित मला सगळ्यात सुंदर वाटतं. पंख्याचा वेग अर्धा केला की हवा अर्धी होते, दाब एक चतुर्थांश होतो, वीज एक अष्टमांश लागते, आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने उतरतो. आता शेजारी तसाच दुसरा पंखा लावला तर आवाज ३ डेसिबलने वाढतो आणि मोकळ्या वाटेत हवा पूर्वीइतकी होते. म्हणजे १,५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) एका पंख्याऐवजी ७५० चे दोन, हवा तीच आणि आवाज १२ डेसिबलने कमी. रात्री त्याच खोलीत माझी मुलगी झोपते, त्यामुळे हे १२ डेसिबल आमच्या घरात फार मोलाचे आहेत. पण दाब एक चतुर्थांश झालाय हे लक्षात ठेवा. हा फायदा मोकळ्या जाळीपुढेच मिळतो. काचेमागे तो मिळत नाही.

वेग कमी-जास्त करायचा तर पंखा मदरबोर्डाला जोडलेला हवा. स्वस्त कॅबिनेटसोबत येणारे रंगीत पंखे पुष्कळदा मोलेक्स नावाच्या जोडणीने थेट एसएमपीएसला जोडलेले असतात. ते दिवसरात्र पूर्ण वेगात फिरतात. चार पिनांचा पंखा घ्या. त्यातली चौथी पीडब्ल्यूएमची, तिच्यावरून मदरबोर्ड वेग ठरवतो. तीन पिनांचा असेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) डीसी मोड निवडा. मदरबोर्डावरच्या एका हेडरवर, म्हणजे पंखा जोडायच्या पिनांवर, बहुधा एक अँपिअरची मर्यादा असते, साधे दोन-तीन पंखे त्यावर आरामात चालतात.

बायोसमधले पंखे प्रोसेसरच्या तापमानावर चालतात आणि माझी उष्णता कार्डात असते. म्हणून मी फॅन कंट्रोल हे मोफत सॉफ्टवेअर वापरते. त्यात कॅबिनेटचे पंखे कार्डाच्या तापमानाला बांधता येतात. कार्ड ५० ला असेपर्यंत ६०० आरपीएम, ७० ला १,१००, ७८ च्या पुढे पूर्ण वेग, आणि वेग बदलायच्या आधी काही सेकंदांची सबुरी. ही सबुरी नसेल तर ब्राउझर उघडला तरी पंखे हुंकारतात. हे आकडे माझ्या खोलीचे आहेत. जानेवारीत मी सगळी रेघ दहा अंशांनी खाली सरकवते.

बेअरिंगबद्दल थोडंच. साध्या स्लीव्ह बेअरिंगमधलं वंगण उष्णतेने लवकर सुकतं, आणि छताला आडवा लावलेला पंखा त्यामुळे आधी घरघरायला लागतो. वरच्या जागेसाठी फ्लुइड डायनॅमिक किंवा बॉल बेअरिंगचाच घ्या.

कूलरच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. कूलरने खोली थंड होते हे पीसीच्या भल्याचंच आहे, पण बोअरच्या जड पाण्याचे तुषार सुकले की पांढरी पूड मागे राहते आणि ती हीटसिंकवर बसते. कूलरच्या बाजूच्या ताट्या नव्या असताना वुडवूलचे (लाकडाच्या बारीक तंतूंचे) तुकडेही उडतात. ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, मोकळी सोडली तर ब्लोअर त्यांना पेलवणार नाही इतक्या वेगाने फिरवतो.

धुळीचा सगळ्यात अवघड प्रकार मी हिंगणघाटला बघितला. माझा मामेभाऊ तिथे एका जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर असतो. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि हवेत रुईचे तंतू तरंगत असतात. काट्यावरचा संगणक साधा आहे, उष्णता फार नाही. पण पुढच्या फिल्टरवर तंतूंचा जाड थर साचतो आणि हवा बंद होते. कंटाळून कुणीतरी फिल्टरच काढलं, तेव्हा तंतू प्रोसेसरच्या पंख्याखाली, हीटसिंकच्या पात्यांवर जाऊन बसले. वरून बघितलं तर पंखा स्वच्छ दिसतो. चार स्क्रू सोडवल्यावर खाली रुईची गादी निघते.

अशा ठिकाणी फिल्टर मोठं करणं हाच खरा उपाय आहे असं माझं मत झालं आहे. जाळीचं क्षेत्रफळ चौपट केलं की तिच्यातून जाणाऱ्या हवेचा वेग एक चतुर्थांश होतो. अडथळा कमी, आणि तंतू जाळीत घट्ट रुतत नाहीत, ब्रश फिरवला की निघतात. त्या खोलीत कॅबिनेटला पुढून आत घेणारे दोन पंखे ठेवलेत आणि मागचा पंखा काढून टाकला आहे. हवा मागच्या जाळीतून आणि स्लॉटच्या फटींतून आपोआप बाहेर पडते, त्यामुळे फिल्टर चुकवून तंतू आत शिरत नाहीत. आता दिवाळीनंतर गाड्या सुरू व्हायच्या आत पुढे एक लाकडी खोकं बसवायचं आहे, तिन्ही बाजूंना जाळी असलेलं, चुंबकाच्या पट्टीने पटकन निघणारं. भावाने कॅबिनेटच्या तोंडाची मापं पाठवली आहेत, रुंदी २० सेंमी आणि उंची ४१. खोली मी १५ सेंमी धरली आहे. जाळी नायलॉनची घ्यायची की स्टीलची, एवढंच ठरायचं आहे. मला नायलॉन बरी वाटते, कारण रोज संध्याकाळी ती तिथल्याच नळाखाली धुऊन वाळत घालता येईल आणि जोडीला एक सुकी जाळी हाताशी ठेवता येईल.